सगळं धरून

"सगळं धरून किती?" हा प्रश्न तुम्ही टोरांटोजवळ, धाकट्या भावाच्या घरी, जानेवारीतल्या एका बर्फाळ संध्याकाळी विचारलात. जाण्यायेण्याचं विमान, खोली, तिन्ही वेळचं जेवण, हवी तेवढी कॉफी, हवी तेवढी रम, विमानतळावरची ने-आण. सगळं धरून एकच आकडा. पैसे भरलेत, बॅग भरलीत आणि सुमारे चार तासांच्या प्रवासानंतर क्यूबाच्या उत्तरेकडच्या कायो कोको नावाच्या सखल बेटावर उतरलात. आता हॉटेलच्या काउंटरवर एक मुलगी तुमच्या मनगटाला निळी प्लास्टिकची पट्टी बांधते आहे. ही पट्टी कात्री लावल्याशिवाय निघत नाही. आठवडाभर हेच तुमचं पाकीट आणि हीच तुमची ओळख.

पहिल्या रात्री समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पहाटे तुम्ही अनवाणी बाहेर पडता आणि थबकता. पायाखालची वाळू तांदळाच्या पिठीसारखी आहे. कोकणातल्या काळसर, करड्या पुळणीची सवय असलेल्या पायांना ती आधी खोटीच वाटते. आपल्या वाळूत सह्याद्रीचा काळा दगड झिजून आलेला असतो. इथे नदी नाही, डोंगर नाही. ही वाळू समुद्रातच तयार झाली आहे: प्रवाळ, शिंपले, चुनखडी धरणारं शेवाळ, आणि प्रवाळ कुरतडून त्याचं पीठ मागे टाकणारे पोपटमासे. तुम्ही उभे आहात ते जिवांच्या चुऱ्यावर. उजेड वाढतो तसं पाणी आधी राखाडी, मग दुधी, मग हिरवं होतं, आणि दूर जिथे प्रवाळाची रांग संपते तिथे एकदम गडद निळं.

थोडी व्यवहाराची माहिती आत्ताच देऊन टाकतो. जानेवारीत उत्तरेकडून गार वारे आले की समुद्र दोन-दोन दिवस खवळतो. किनाऱ्यावर लाल निशाण दिसलं तर पाण्यात पाऊल टाकू नका. संध्याकाळी वारा पडला की बारीक चिलटं निघतात, त्यांना इथे हेहेन म्हणतात, आणि ती डासांपेक्षा वाईट चावतात. लांब बाह्यांचा सदरा हाताशी ठेवा. अमेरिकेतल्या बँकेचं कार्ड इथे चालत नाही, म्हणून रोख आणा. स्वतःची औषधं आणा, आणि जमलं तर जास्तीची आणा. मांस खात नसाल तर काळ्या घेवड्याच्या भातात डुकराची चरबी नाही ना, हे विचारून घ्या. एखाद्या सकाळी लोणी नसेल, एखाद्या सकाळी अंडी. हे बेट खातं ते बहुतेक बाहेरून येतं, आणि देशात टंचाई आहे. 18 ऑक्टोबर 2024 ला अख्ख्या क्यूबाची वीज एकाच वेळी गेली होती. जेवणघरात एखादं भांडं रिकामं दिसलं तर एवढं आठवा.

बेटावर गाव नाही, बाजारपेठ नाही. कायो कोकोचा विस्तार सुमारे 370 चौरस किलोमीटर. त्यावर हॉटेलांची एक माळ, विमानतळ, झुडपी जंगल, खाजणं आणि तिवरं. पांढऱ्या शराटी पक्ष्याला इथले लोक कोको म्हणतात, त्यावरून बेटाचं नाव. तुम्हाला वाटलं होतं नारळावरून असेल. इथे येणाऱ्या पुष्कळांना तसंच वाटतं.

न्याहारीला ताटात उकडलेल्या कंदाचे पांढरे तुकडे येतात, वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस. त्याला युका म्हणतात. पहिला घास घेतल्यावर जिभेला काहीतरी ओळखीचं लागतं. तुम्ही थांबता, पुन्हा चावता. चतुर्थीची सकाळ आठवते. युका म्हणजे कसावा, आणि आपला साबुदाणा, सेलमच्या कारखान्यांतून आपल्या वाण्याकडे येणारा, ह्याच कंदाच्या सत्त्वाचा. तुमच्या उपासाच्या ताटातला साबुदाणा, बटाटा, रताळं, दाणे, मिरची, सगळे ह्याच बाजूच्या मातीतून निघालेले.

घास गिळता, आणि मनगटावर पट्टी नसते.

साल 1500 च्या आगेमागे. तुम्ही शेजारच्या कायो गिएर्मो बेटाच्या नैर्ऋत्येला, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर आहात. पुढे ज्या गावाला पुंता आलेग्रे म्हणतील त्याच्या जवळ. खाडीच्या उथळ पाण्याकाठी लाकडी खांबांवर शाकारलेली घरं आहेत. एक म्हातारी बाई खरखरीत पाट्यावर कंद किसते आहे. तो कडू जातीचा युका, त्यात विष असतं. कीस ती विणलेल्या लांब नळीत भरते, नळी झाडाला टांगून खाली ओढते, विषारी रस निथळतो. उरलेलं पीठ मातीच्या सपाट तव्यावर पसरते आणि भाकरी भाजते. ही कासाबे. कोरडी, कडक, महिनोन्‌महिने टिकणारी. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने ह्या भाकरीचं ज्ञान मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवलं. त्या बाईला ते कळणार नाही. तुम्ही तुकडा मोडता. चव अशी काही नाही. पण ती भाकरी मासळीच्या कालवणात बुडवली की भरभरून चव धरते.

ह्या घरात सगळं धरून काय काय आहे? होडीने गाठता येईल तेवढं. मासळी, कासव, शंख, झाडावर चढणारा हुतिया नावाचा जाडजूड उंदीर, रताळी. रताळ्याला हे लोक बटाटा म्हणतात. आधी स्पॅनिशांनी हा शब्द उचलला, त्यांच्याकडून पोर्तुगिजांनी, आणि पोर्तुगिजांनी तो आपल्या किनाऱ्यावर उतरवला. वाटेत कंद बदलला, शब्द राहिला. तुम्ही म्हातारीसमोर रताळ्याकडे बोट दाखवून "बटाटा" म्हणता. ती मान डोलावते. पाचशे वर्षं आणि अर्धी पृथ्वी ओलांडून तुमच्या तोंडचा एक शब्द तिला कळला. दोन खांबांमध्ये विणलेला झोपाळा टांगला आहे, त्याचं नाव हामाका. वादळाचं नाव हुराकान. दोन्ही शब्द पुढे जगभर गेले.

पूर्वेकडच्या किनाऱ्यावर 28 ऑक्टोबर 1492 ला कोलंबस येऊन गेला आहे. तो आशिया शोधत होता, इंडीज शोधत होता. एका अर्थी तुम्हाला शोधत होता. पहिल्याच बेटावर त्याने लोकांना लाल टोप्या आणि काचेचे मणी वाटले. थोड्या वर्षांनी स्पॅनिश सरदार दिएगो वेलास्केसची माणसं ह्या उत्तरेच्या बेटांना राजाच्या बागा म्हणू लागतील, हार्दिनेस देल रेय, फर्दिनांद राजाच्या नावाने. पाठोपाठ देवी, गोवर आणि खाणीतली वेठ येईल. क्यूबातली ताइनोंची, म्हणजे ह्याच लोकांची, वस्ती काही दशकांत कोसळेल. पण ह्या खाडीतली ही घरं, तिवरांच्या आडोशाला, पुढे शंभराहून जास्त वर्षं टिकून राहतील. ती कशी टिकली ह्याचा मला राहून राहून अचंबा वाटतो. कोळ्यांना चिखलात लाकडी वस्तू सापडत गेल्या आणि 1990 च्या दशकात क्यूबाच्या व कॅनडाच्या संशोधकांनी ती जागा खणली, तेव्हा महोगनीचे खांब आणि शाकारणीची पानं चिखलात तशीच निघाली. लोस बुचियोनेस नावाची ती जागा तुमच्या हॉटेलच्या सहलींच्या फलकावर सहसा नसते.

पट्टी पुन्हा मनगटावर आहे. दहा वाजता प्लाया पिलार नावाच्या पुळणीकडे जाणारी बस सुटते. रस्ता कायो कोकोवरून कायो गिएर्मोला जातो, दोन्हीकडे खाजण. ड्रायव्हर वेग कमी करतो आणि सगळे एका बाजूला सरकतात. रोहित पक्षी. शिवडी-ऐरोलीच्या चिखलात पाहिलेल्या रोहितांपेक्षा हे कितीतरी लाल, नारिंगी पेटल्यासारखे. इथली जात वेगळी. माना पाण्यात घालून ते ओळीने चालत असतात.

प्लाया पिलारच्या मागे वाळूच्या टेकड्या आहेत, काही पंधरा मीटर उंचीच्या, आणि त्यांच्यावर झुडपं धरून बसली आहेत. टेकडीवर चढू नका, लाकडी पायवाटेने जा. झुडपांची मुळं सुटली की टेकडी सुटते. वर उभं राहून पाण्याकडे पाहिलंत की सालाचा आकडा पुन्हा सरकतो.

1943. पुळणीवर एकही छत्री नाही. क्षितिजाकडून काळ्या रंगाची एक लाकडी मासेमारी बोट येते आहे, 38 फुटांची, नाव पिलार. दाढीवाला मालक स्वतः सुकाणूवर आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेने आपल्या बोटीवर मशीनगन, हातबॉम्ब आणि रेडिओ चढवला आहे आणि वरवर शास्त्रीय पाहणीचं निमित्त करून तो जर्मन पाणबुड्या शोधतो आहे. आदल्या वर्षी ह्याच समुद्रात त्या पाणबुड्यांनी तेलाच्या आणि मालाच्या कितीतरी बोटी बुडवल्या. बेत असा: पाणबुडी मासळी मागायला जवळ आली की हातबॉम्ब आत टाकायचा. पाणबुडी कधी जवळ आली नाही. मात्र 15 मे 1943 ला क्यूबाच्या आरमाराच्या एका छोट्या गस्ती बोटीने हवानाच्या पूर्वेला यू-176 ही जर्मन पाणबुडी बुडवली. त्या खलाशांच्या नावाची पुळण मला कुठे दिसली नाही. हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर, 1970 मध्ये निघालेल्या कादंबरीत हीच बेटं, हाच पाठलाग आहे, आणि ह्या पुळणीचं नाव त्या बोटीवरून.

पण तुम्ही बोटीकडे फार वेळ पाहू नका, असं मी म्हणेन. मागे, कायो कोकोच्या आत, धूर दिसतो आहे, तिकडे चला. तिथे कोळसेवाले आहेत. रायगडात कातकऱ्यांच्या भट्ट्या पाहिल्या असतील तर लगेच ओळखाल: लाकडं उभी रचून, वर गवत आणि माती थापून केलेला घुमट, आणि त्याच्या अंगातून झिरपणारा धूर. ती भट्टी दिवसरात्र राखावी लागते. कुठे भगदाड पडून ज्वाळा निघाली तर आठवड्याची मेहनत राख होते. म्हणून माणूस बाजूच्या खोपटात झोपतो, खरं तर झोपत नाही. चिलटांसाठी ओल्या पाल्याचा वेगळा धूर. गोडं पाणी हिशेबाने, पावसाचं धरलेलं. कोळशाची पोती शिडाच्या होडीतून मुख्य भूमीवर जातात आणि परत येताना तांदूळ, मीठ, दिव्याचं तेल येतं. त्याच्यासाठी सगळं धरून एवढंच. तो तुम्हाला कॉफी देतो. गाळलेली, काळी, साखरेने घट्ट. त्याच्या बोटांच्या भेगांत कोळसा कायमचा बसला आहे. आज ह्या बेटावर सितिओ ला ग्विरा नावाच्या ठिकाणी कोळसेवाल्यांची जुनी वस्ती दाखवतात. तिथे एक तास काढा. त्या दिवशी पोहणं थोडं कमी झालं तरी चालेल.

दुपारी तुम्ही मोरोनला जायला निघता, मुख्य भूमीवरच्या सर्वांत जवळच्या शहराकडे. बस बेटाच्या दक्षिण टोकाला येते आणि जमीन संपते. रस्ता संपत नाही. दोन्हीकडे पाणी आणि मधून सरळ, सपाट, दगडी भरावाचा रस्ता, समुद्रातून सतरा किलोमीटर. स्पॅनिशमध्ये पिएद्रा म्हणजे दगड, त्यावरून ह्याचं नाव पेद्राप्लेन. समोरचा किनारा अजून दिसत नाही.

1987. बस नाही. तुम्ही डंपरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला आहात. मागे खाणीतून आणलेले दगड. रस्त्याच्या टोकाला, म्हणजे त्या क्षणी जगाच्या टोकाला, डंपर उलटा लावायचा, पाळणा उचलायचा, धडधड आवाज, पांढरा धुरळा, पाणी उसळतं, बुडबुडे येतात. बुलडोझर ढीग सपाट करतो. रस्ता काही पावलं पुढे जातो. डंपर वळतो, पुन्हा खाणीकडे. मागे आणखी डंपरांची रांग. ह्या उपसागराचं नाव बाहिया दे पेरोस, कुत्र्यांचा उपसागर. पाणी उथळ म्हणून हे शक्य आहे. उन्हाने पत्रा तापलेला, मानेवर मिठाचा थर. ड्रायव्हर पलीकडचं बेट कधी पाहिलेला नाही. तिथे हॉटेलं होणार, एवढं त्याला माहीत आहे. 1988 मध्ये रस्ता पोचला.

ह्या रस्त्याने समुद्राचं नुकसानही केलं, आणि ते सांगायलाच हवं. खाडीतून वाहणारं पाणी भरावाने अडलं. अडलेलं पाणी उन्हाने आटून खारट झालं, तिवरं सुकली, मासळी कमी झाली. पुढे जागोजागी भराव फोडून पूल आणि मोऱ्या घातल्या, पाणी पुन्हा थोडं खेळू लागलं. बसमधून पाहिलंत तर पुलाखाली प्रवाहाची धार स्पष्ट दिसते. आणि कडेला काही ठिकाणी मेलेल्या तिवरांचे करडे सांगाडे अजून उभे दिसतात.

डंपर मागे पडतो. 1993. रस्त्याच्या तोंडाशी चौकी आहे. सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला आणि त्याच्याबरोबर क्यूबाचं तेल, गहू, यंत्रांचे सुटे भाग. गावोगाव दिवसाचे कित्येक तास वीज नाही, बस नाही, चिनी सायकलींवर सगळा देश. त्याच वर्षी सरकारने डॉलर बाळगायला परवानगी दिली आणि त्याच वर्षी कायो कोकोवरचं पहिलं मोठं हॉटेल उघडलं. तुम्ही पाहुणे म्हणून आत जाता, ताट वाढलेलं आहे: मांस, फळं, पाव, बर्फ. वाढणाऱ्या माणसाच्या घरी रेशनच्या वहीवर जे मिळतं ते महिनाभर पुरत नाही. ज्याने ह्या रस्त्यात दगड ओतले तो ड्रायव्हर चौकीवर आला आणि म्हणाला, मला त्या बेटावर दोन रात्री राहायचं आहे, तर त्याला सोडणार नाहीत. परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात क्यूबाच्या नागरिकाला राहता येत नव्हतं. ही बंदी 2008 च्या मार्चअखेर उठली. रस्ता झाल्यानंतर वीस वर्षांनी.

मला हा वीस वर्षांचा काळ फार बोचतो. सगळं धरून म्हणताना कोणाला धरायचं राहिलं, ते ह्या चौकीवर दिसतं.

सगळं धरून एक रक्कम ही कल्पनाही तशी नवी नाही. 1950 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर, युद्धातल्या उरलेल्या तंबूंत, क्लब मेड नावाच्या संस्थेने ती राबवली. पुढे ह्या क्लबात पाहुणे पेयांचे पैसे गळ्यातले मणी काढून देऊ लागले, म्हणजे पैसा डोळ्यांसमोर येऊ नये. पैसा दिसत नाही तेव्हा सुट्टी मोकळी वाटते, हे खरं आहे. तुम्हालाही इथे आल्यापासून तसं वाटलं आहे. पण तो दिसत नाही तेव्हा बाकीही बरंच दिसेनासं होतं.

मोरोनमध्ये तुम्ही ब्राँझचा कोंबडा पाहता, ते ह्या शहराचं चिन्ह. रांगेत उभे असलेले लोक पाहता, सावलीत दोमिनो खेळणारे म्हातारे पाहता, आणि परत निघता.

परतीच्या वाटेवर, भर रस्त्यात, अजून एकदा. 8 सप्टेंबर 2017 ची रात्र. पूर्वेच्या शेजारच्या कायो रोमानोवर इर्मा वादळ सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचा जोर घेऊन जमिनीला लागलं आहे. वारा ताशी 260 किलोमीटरच्या वर. म्हातारीने ज्याला हुराकान म्हटलं होतं तेच हे. हॉटेलं रिकामी आहेत. पाहुण्यांना आधीच ह्याच रस्त्याने बाहेर काढलं. कायो गिएर्मोच्या पाण्यातले डॉल्फिनसुद्धा हेलिकॉप्टरने दक्षिण किनाऱ्यावरच्या सिएनफुएगोसला हलवले. रोहितांना कोणी हलवणार नव्हतं, आणि त्यांतले कितीतरी मेले. विमानतळाची काच आणि छत गेलं. सकाळी पाणी ओसरल्यावर दिसतं की दगडी रस्ता बहुतेक आहे तिथे आहे. मग मोरोनहून माणसं येतात, ज्यांची स्वतःची छपरं उडाली आहेत ती माणसं, आणि कॅनडाच्या हिवाळ्यातले पाहुणे येण्याआधी हॉटेलं उभी करायच्या कामाला लागतात.

तुमची बस हॉटेलच्या आवारात शिरते तेव्हा पाच वाजले आहेत. खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस आहे, चोच जरा वाकडी. दारात खोली आवरणारी बाई उभी आहे, कपडे बदलून, खांद्याला पिशवी. ती तुम्हाला "मी आमोर" म्हणते. तिच्या भाषेत "मी" म्हणजे "माझं". इथे अनोळखी माणसालाही असंच हाक मारतात. सकाळी तुम्ही तिला तापाच्या गोळ्यांची दोन पाकिटं दिली होती. आता ती पिशवीतून कागदात बांधलेलं काहीतरी काढते. पेरूची वडी, घरची. सासूने केली, असं खुणांनी सांगते. तिची बस उभी आहे. दिवसभर बेट चालवणारी माणसं त्या बसमध्ये बसली आहेत, कोणी खिडकीला डोकं टेकून झोपलंही आहे. बस आत्ता तुम्ही आलात त्याच दगडांवरून मोरोनला जाईल, आणि उद्या पहाटे तुम्ही उठायच्या आधी परत येईल.

सहाच्या सुमाराला सूर्य पाण्यात उतरतो. पुण्यात दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेचार. आई उठलेलीच असते. वायफायचं कार्ड खरवडून तुम्ही फोन लावता, दोनदा तुटतो, तिसऱ्यांदा लागतो. पेरूच्या वडीचा तुकडा तोंडात आहे, वाळूच्या कणांसारखी साखर दाताखाली येते आहे. पलीकडून चहाच्या भांड्याचा आवाज, मग आईचा आवाज, स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"सगळं धरून किती पडलं रे तिकडचं?"

तुम्ही आकडा सांगायला तोंड उघडता, आणि सांगायला लागता ते त्या डंपरमधल्या दगडांबद्दल.